कोंबडं झाकून पाहा : सहसंबंध आणि कार्यकारणभाव वेगळे कसे ओळखायचे

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.' ही म्हण आपण सत्य दडपू पाहणाऱ्याला ऐकवतो. मी मात्र संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर लिहिते, कारण सहसंबंध म्हणजे काय आणि कार्यकारणभाव म्हणजे काय, हे दोन्ही तिच्यात आहे.

पहाटे कोंबडा आरवतो आणि पाठोपाठ उजाडतं. वर्षभर वहीत नोंद ठेवली तर ही जोडी क्वचितच चुकलेली दिसेल. तरी कोंबड्यामुळे सूर्य उगवतो असं कुणी म्हणत नाही. का? कोंबड्यावर डालं टाकलं तरी उजाडतंच, म्हणून. ही म्हण रचणाऱ्याने आणखी नोंदी गोळा केल्या नाहीत. त्याने जोडीतली एक गोष्ट स्वतःच्या हाताने बदलली आणि दुसरी बदलते का ते पाहिलं. दोन गोष्टी एकत्र दिसतात तो सहसंबंध. एकीत हात घातल्यावर दुसरी हलते तो कार्यकारणभाव.

सहसंबंध म्हणजे फसवणूक, असा मात्र याचा अर्थ नाही. मृगाच्या आधी पावशा 'पेरते व्हा' ओरडू लागतो. पावशा पाऊस आणत नाही, पण पाऊस जवळ आल्याची वर्दी देतो आणि शेतकऱ्याला पेरणीची तयारी करायला तेवढी पुरते. अंदाज बांधायचा असेल तर सहसंबंध कामाचा आहे. काहीतरी बदलायचं असेल, म्हणजे औषध द्यायचं, योजना आणायची, पैसे खर्च करायचे, तर तो पुरत नाही. तुम्हाला यातलं काय करायचं आहे, हे आधी ठरवा. अंदाजच हवा असेल तर पुढच्या बऱ्याच पायऱ्यांची गरजही पडणार नाही.

पहिली पायरी : दावा 'केलं तर'च्या भाषेत लिहा

वर्तमानपत्रातलं, व्हॉट्सअॅपवर आलेलं किंवा कचेरीतल्या अहवालातलं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवा. उदाहरणाला आपल्या घराघरांतला दावा घेऊ: 'क्लासला जाणाऱ्या मुलांना दहावीत जास्त गुण मिळतात, म्हणून क्लास लावा.'

यात दोन वाक्यं एकमेकांत मिसळली आहेत. एक असं: 'क्लासला जाणाऱ्या मुलांचे गुण न जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.' दुसरं असं: 'या मुलाला क्लास लावला, तर न लावल्यास मिळाले असते त्यापेक्षा जास्त गुण मिळतील.' पहिल्यात दोन वेगवेगळ्या मुलांची तुलना आहे. दुसऱ्यात एकाच मुलाच्या दोन आयुष्यांची आहे, आणि त्यातलं एक आयुष्य कधीच घडत नाही. क्लास लावलेल्या मुलाला क्लास न लावता दहावी झालेलं आपण पाहू शकत नाही. सगळी अडचण इथे आहे. पुढच्या पायऱ्यांत आपण एकच शोध घेणार आहोत: त्या न घडलेल्या आयुष्याच्या जागी तुलनेला कुणाला उभं करायचं?

हातात पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघ ओढा. 'वाढवतं', 'घटवतं', 'टाळतं', '…मुळे' हे कारणाचे शब्द आहेत. 'आढळतं', 'सोबत दिसतं', '…असणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त' हे जोडीचे. मूळ अभ्यासात 'आढळतं' असतं आणि बातमीच्या मथळ्यात त्याचं 'वाढवतं' होतं, असं मला इतक्यांदा दिसलं आहे की मी आता मथळ्याचं क्रियापद आधी तपासते.

दुसरी पायरी : आकडा काढण्याआधी ठिपके काढा

सहसंबंध किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक. तो उणे १ ते अधिक १ यांच्यात असतो. अधिक १ म्हणजे दोन्ही राशी सरळ रेषेत सोबत वाढतात, उणे १ म्हणजे एक वाढली की दुसरी तशीच घटते, शून्य म्हणजे सरळ रेषेतलं नातं नाही. एक्सेलमध्ये 'कोरेल' हे सूत्र टाकलं की तो क्षणात मिळतो, आणि तो असा सहज मिळतो म्हणूनच लोक आलेख काढत नाहीत, म्हणजे आकड्यांची प्रत्येक जोडी एकेका ठिपक्याने मांडून पाहत नाहीत.

फ्रान्सिस अॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रत्येकी ११ ठिपक्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांचा गुणांक ०.८२च्या आसपास येतो. आलेख काढल्यावर मात्र एकात ठिपके सरळ रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात सुबक कमान, तिसऱ्यात एकच ठिपका रेषा सोडून वर गेलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके उभ्या रांगेत असताना अकराव्या एकट्याने सगळं नातं निर्माण केलेलं.

याची उलट बाजूही आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही: कारण असतं, पण गुणांक शून्याजवळ येतो. उसाला पाणी कमी पडलं तर उत्पादन घटतं. तेच पाणी बेसुमार दिलं तर जमीन पाणथळ आणि खारवट होते आणि उत्पादन पुन्हा घटतं. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हे भोगलेलं आहे. कमी, पुरेशा आणि जास्त पाण्याची शेतं एकत्र घेऊन गुणांक काढला तर तो शून्याच्या आसपास येऊ शकतो. म्हणून पाण्याचा उसाशी संबंध नाही असं म्हणणार का?

तिसरी पायरी : कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याला पाठ आहे. ती गाठ किती सहज पडते याचा हिशेब मात्र कुणी करत नाही. तो करून पाहू. तुमच्याकडे तक्त्यात १५ स्तंभ आहेत: वय, वजन, झोप, चहाचे कप असं काहीही. त्यांच्या जोड्या होतात १०५. कुठल्याही दोन स्तंभांत खरं नातं नसलं, तरी 'निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी' या नेहमीच्या चाळणीतून सरासरी पाचेक जोड्या सुटून येणार. त्यातली सर्वांत चटकदार जोडी उचलून बातमी करता येते. म्हणून विचारा: ही जोडी तपासायची असं आधी ठरलं होतं, की शंभर जोड्या तपासून ही निवडली?

काळाबरोबर सरकणाऱ्या आकड्यांत ही फसगत आणखी मोठी होते. जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९२६ साली दाखवलं की १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा गुणांक ०.९५ येतो. दोन्ही आकडे वर्षानुवर्षं उतरत होते, एवढंच. चर्चमध्ये लग्न न केल्याने कुणी जास्त जगत नव्हतं. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी दर वर्षीचा बदल घ्या, म्हणजे यंदाच्या आकड्यातून गेल्या वर्षीचा वजा करा आणि त्या फरकांचा सहसंबंध पाहा. एकाच दिशेने सरकणं एवढंच नातं असेल तर ते बहुधा इथे विरून जातं.

योगायोगाला कारण मानणं नेहमी निरुपद्रवी नसतं. नवी सून घरात आली, महिन्याभरात सासऱ्यांना झटका आला, आणि ती 'पांढऱ्या पायाची' ठरली. एक घर, एक घटना, तुलनेला काहीही नाही. त्याच महिन्यात तालुक्यात आलेल्या बाकीच्या सुनांच्या घरी काय घडलं, हे कुणी विचारत नाही. एका मुलीच्या जन्मभराला लागणारा डाग या चुकीतून तयार होतो, म्हणून हा विषय मला परीक्षेतल्या पाच गुणांपुरता कधीच वाटला नाही.

चौथी पायरी : बाण उलटा करून पाहा

'क' आणि 'ख' सोबत दिसले की मनात बाण आपोआप 'क'कडून 'ख'कडे जातो. तो मुद्दाम उलटा काढा आणि ती गोष्ट पटते का ते पाहा. ज्या गावांत टँकर जास्त, त्या गावांत पाण्याची टंचाई जास्त. टँकरमुळे टंचाई होते असं म्हणायला कुणी धजावणार नाही. पण 'ज्या मुलांवर आई-वडील सारखे ओरडतात ती अभ्यासात मागे असतात' यात बाण कुठल्या दिशेचा, हे सांगणं तितकं सोपं नाही.

कधी बाण दोन्हीकडे असतो. गावात बोअर वाढले की भूजल खाली जातं, आणि भूजल खाली गेलं की माणसं आणखी खोल बोअर घेतात. इथे एका वर्षाचे आकडे काहीच सांगत नाहीत. आधी काय घडलं, किती वर्षांनी दुसरं घडलं, याच्या तारखा लागतात. तारखा असल्या तरी जपून: कोंबडाही उजाडण्याच्या आधीच आरवतो.

पाचवी पायरी : पडद्यामागचा तिसरा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. दोन गोष्टी सोबत हलतात, कारण तिसरी दोघींना हलवते. या तिसऱ्याला संख्याशास्त्रात 'गोंधळ घालणारा घटक' म्हणता येईल. मे महिन्यात आंबे खाल्ले की गळवं येतात, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. आंबे मे महिन्यात येतात. घाम, उष्मा आणि त्वचेचे संसर्गही मे महिन्यातच वाढतात. आंब्याला दोष द्यायचा असेल तर त्याच उन्हाळ्यात आंबा न खाणाऱ्यांकडे पाहायला हवं.

या पायरीचं सर्वांत मोठं उदाहरण लंडनमधलं आहे. १८४८-४९च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीनंतर विल्यम फार या सरकारी संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूंचे आकडे तपासले. थेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंचावर, तितके पटकीचे मृत्यू कमी, असं नातं त्याला मिळालं आणि ते इतकं नेटकं होतं की त्याने त्याचं सूत्र मांडलं. दूषित हवेमुळे पटकी होते, अशी त्या काळची समजूत होती. सखल भागातली हवा जास्त घाण, म्हणून मृत्यू जास्त. आकडे आणि समजूत एकमेकांना बरोबर जुळले.

फारचे आकडे खोटे नव्हते. सहसंबंध खरा होता, कारण चुकीचं होतं. थेम्सकाठच्या सखल वस्त्यांना पाणीही त्याच नदीच्या घाण झालेल्या पट्ट्यातून मिळत होतं. उंची आणि पटकी या दोन्हींशी जोडलेला तिसरा होता तो म्हणजे पिण्याच्या पाण्याचा उगम.

हे सिद्ध करायला डॉ. जॉन स्नो यांनी जे केलं, ते अजून शिकवायला हवं असं आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या: साउथवर्क अँड व्हॉक्सॉल आणि लॅम्बेथ. त्यांच्या नळवाहिन्या एकाच गल्लीत शेजारी शेजारी होत्या. एका घराला एकीचं पाणी, शेजारच्याला दुसरीचं. लॅम्बेथने १८५२ साली आपला उपसा शहराच्या घाणीपासून वर, नदीच्या स्वच्छ भागात नेला होता. दुसरीने नेला नव्हता. म्हणजे उंची तीच, हवा तीच, गल्ली तीच, गरिबी-श्रीमंतीही बरीचशी तीच, आणि फरक फक्त पाण्याचा. १८५४ची साथ आली तेव्हा स्नो घरोघर हिंडून पाणी कुणाचं ते विचारत होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. पटकीचा जंतू पाण्यात असतो हे जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात दाखवायला त्यानंतर तीस वर्षं जायची होती. जंतू न पाहताच स्नो यांनी कारणाकडे बोट दाखवलं होतं. स्नो यांच्या सांगण्यावरून लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाचा दांडा काढल्याची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते खरा पुरावा या दोन कंपन्यांच्या तुलनेत आहे.

यावरून हाताशी ठेवण्याजोगी रीत अशी. कोऱ्या कागदावर 'क' आणि 'ख' लिहा. मग दोन प्रश्न: 'क' कुणाच्या वाट्याला येतं, हे कशावरून ठरतं? आणि त्यातली कुठली गोष्ट 'ख'लाही हलवते? क्लासच्या उदाहरणात क्लास कुणाला मिळतो? ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत आहे, आई-वडील शिकलेले आहेत, क्लास जवळ आहे, मुलाला अभ्यासाची आवड आहे. यातलं जवळजवळ सगळंच गुणांवर थेट परिणाम करतं. म्हणजे क्लासने काहीही शिकवलं नाही तरी क्लासच्या मुलांचे गुण जास्तच दिसले असते.

हा तिसरा घटक तज्ज्ञांनाही फसवतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयरोग कमी होतो, असं मोठमोठ्या निरीक्षणांत दिसत होतं आणि त्या आधाराने अनेक डॉक्टर त्या गोळ्या लिहून देत होते. अमेरिकेत १६ हजारांहून जास्त स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली, ती २००२ साली मुदतीआधी थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या गटात हृदयविकार कमी तर नव्हताच, थोडा जास्त होता. आधीच्या निरीक्षणांतल्या स्त्रिया मुळात जास्त शिकलेल्या, सधन आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

सहावी पायरी : सारख्यांची सारख्यांशी तुलना

तिसरा घटक सापडला आणि त्याची नोंद हाताशी असली, तर गट पाडा. मुतखड्याच्या उपचारांचा एक अभ्यास १९८६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. उघड्या शस्त्रक्रियेचे ३५० रुग्ण, त्यातले २७३ बरे, म्हणजे ७८ टक्के. छोट्या छिद्रातून खडा काढण्याच्या नव्या पद्धतीचे ३५० रुग्ण, २८९ बरे, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस, असंच कुणीही म्हणेल.

आता खड्याच्या आकारानुसार गट पाडू. लहान खडे: शस्त्रक्रियेत ८७ पैकी ८१ बरे (९३ टक्के), नव्या पद्धतीत २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: शस्त्रक्रियेत २६३ पैकी १९२ (७३ टक्के), नव्या पद्धतीत ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्ही गटांत शस्त्रक्रिया पुढे! बेरीज मात्र उलटं सांगते. डॉक्टर अवघड, मोठे खडे शस्त्रक्रियेकडे पाठवत होते आणि सोपे नव्या पद्धतीकडे, म्हणून असं झालं. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

आता दुरुस्ती. सगळे मिळून लहान खड्यांचे ३५७ आणि मोठ्यांचे ३४३ रुग्ण आहेत. या सर्वच्या सर्व ७०० जणांवर एकच पद्धत वापरली असती तर? शस्त्रक्रियेने ३५७ चे ९३ टक्के अधिक ३४३ चे ७३ टक्के, म्हणजे सुमारे ८३ टक्के बरे. नव्या पद्धतीने तोच हिशेब करा, सुमारे ७८ टक्के येतात. आकडे अदलाबदल होऊन बसले. हा हिशेब कागद-पेन्सिलने एकदा स्वतः करून पाहा. वाचून कळतो त्यापेक्षा हाताने केल्यावर जास्त कळतो.

एक धोका मात्र आहे. दिसेल त्या गोष्टीवर गट पाडू नका. जी गोष्ट कारणाच्या आधीची आहे तिच्यावर पाडा, परिणामावर नाही. क्लासमुळे मुलाचा अभ्यासाचा वेळ वाढला आणि त्यातून गुण वाढले असतील, आणि तुम्ही 'सारखाच वेळ अभ्यास करणारी मुलं' असे गट पाडले, तर क्लासचा परिणाम तुम्हीच पुसून टाकला. खड्याचा आकार उपचाराच्या आधी ठरलेला होता, म्हणून तिथे गट पाडणं योग्य होतं.

आणि गट पाडण्याआधी विचारा की यादीत कोण नाही. निकालानंतर गुणवंतांच्या मुलाखती येतात: पहाटे चारला उठायचो, मोबाइलला हात लावला नाही. पहाटे चारला उठून साठ टक्के मिळालेल्या मुलाकडे बातमीदार जात नाही. फक्त यशस्वी माणसं पाहून यशाचं कारण सापडत नाही.

सातवी पायरी : सोडत काढा

ज्या तिसऱ्या घटकाचं नाव माहीत आहे त्याचे गट पाडता येतील. ज्याचं नावच सुचलं नाही त्याचं काय? मुलाची जिद्द, आईचं लक्ष, घरातली शांतता कशी मोजणार? यावर एकच भक्कम उपाय सापडला आहे आणि तो आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: चिठ्ठ्या टाकणं. कुणाला 'क' मिळणार हे सोडतीने ठरलं, की ते ऐपतीवर, जिद्दीवर, कशावरच ठरत नाही. मोजता येणारे आणि न येणारे सगळे घटक दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात. गट मोठे हवेत, एवढीच अट. दहा-दहा मुलांत सोडतही एका बाजूला झुकू शकते. शेतीतल्या प्रयोगांसाठी ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात बांधली आणि तिथून ती औषधांकडे गेली.

आपल्या अंगणातलं उदाहरण मुंबईचं. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळेत वेगळं बसवून शिकवणारी वस्तीतली तरुणी म्हणजे 'बालसखी'. 'प्रथम' संस्थेच्या या कार्यक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चाचणी झाली. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार हे सोडतीने ठरलं. बालसखी मिळालेल्या मुलांचे गुण खरोखर वाढले, आणि जास्त फायदा मागे पडलेल्या मुलांना झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे या अभ्यासाच्या लेखकांपैकी होते. अशा प्रयोगांच्या कामासाठीच त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आठवी पायरी : सोडत काढता येत नसेल तेव्हा

कुणाला वीस वर्षं तंबाखू खायला लावून पाहता येत नाही. अशा वेळी निसर्गाने किंवा सरकारने आपोआप काढलेली सोडत शोधा. स्नो यांना दोन कंपन्यांच्या नळांत ती सापडली. पंचायतींविषयीच्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर काही सरपंचपदं स्त्रियांसाठी राखीव झाली, पण कुठलं गाव राखीव होणार हे त्या गावाच्या गुणावगुणांवर ठरत नव्हतं. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानमधल्या उदयपूर जिल्ह्यांत राखीव आणि बिगरराखीव गावांची तुलना झाली, तेव्हा स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलेलं दिसलं.

असंही काही सापडलं नाही, तर निदान आधी-नंतरची तुलना करा, पण एकट्याची नको. काविळीवर झाडपाल्याचं औषध देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत आणि 'गुण आला' असं शपथेवर सांगणारेही. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. औषध आपण दुखणं कळसाला पोचल्यावर घेतो, त्यानंतर उताराच असतो. सर्दीवरच्या काढ्याचं तेच. चाचणीत सगळ्यांत कमी गुण पडलेली मुलं निवडून जादा तास घेतले, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढणारच, कारण त्या दिवशीच्या वाईट गुणांत थोडा वाईट दिवसही होता. याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आई-वडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं. त्यामुळे ज्यांना काहीच दिलं नाही अशा तशाच मुलांचे आकडे सोबत ठेवा आणि फक्त जादा वाढ मोजा.

सोडतीशिवाय कारण सिद्ध होतच नाही, असं म्हणणारेही चुकतात, आणि ती चूक खुद्द फिशर यांनी केली. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयी नोंदवून त्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. फिशर म्हणाले, कदाचित एखादा आनुवंशिक घटक माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. शंका पाचव्या पायरीतलीच, रास्तही. तिला १९५९ साली संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा तिसऱ्याच घटकामुळे असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कुणाला दाखवता आला नाही. हे हत्यार आजही वापरा. कुणी 'दुसरं काहीतरी कारण असेल' म्हणालं, तर ते दुसरं काय आणि एवढा मोठा फरक पेलण्याइतकं मोठं आहे का, हे विचारा. १९६५ साली हिल यांनी अशा वेळी पाहण्याच्या नऊ बाजू सांगितल्या. त्यातल्या मी चार कधी सोडत नाही: परिणामाआधी कारण आलं का, कारणाची मात्रा वाढली की परिणामही वाढतो का, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांना तेच सापडलं का, आणि कारण काढून घेतलं की परिणाम उतरतो का. सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरतो. इथे कोंबडं झाकलं की तांबडं खरंच थांबतं.

आता क्लासचा दावा तडीस नेऊ

समजा तुमच्या शाळेला संध्याकाळचा मोफत गणिताचा वर्ग सुरू करायचा आहे, जागा ४० मुलांची आहे आणि नावं आली आहेत ८०. 'आधी येईल त्याला आधी' करू नका, त्यात जागरूक पालकांची मुलंच भरतील. हुशार मुलंही निवडू नका, कच्चीही नको. नाव दिलेल्या ८० जणांच्या चिठ्ठ्या टाका. चाळीस जणांना पहिल्या सत्रात वर्ग, उरलेल्या चाळीसांना दुसऱ्या सत्रात, म्हणजे कुणाच्याच वाट्याला नकार येत नाही. दोन्ही गटांनी हौसेने नाव दिलेलं आणि निवड सोडतीने झालेली असल्याने जिद्द आणि घरचं लक्ष दोन्हीकडे साधारण सारखं आहे. वर्ग सुरू होण्याआधी सगळ्यांची एक चाचणी घेऊन ठेवा, गट सुरुवातीला जवळपास सारखे आहेत ना ते दिसेल. मध्येच वर्ग सोडणाऱ्या मुलांनाही त्यांच्या मूळ गटातच मोजा, नाहीतर टिकून राहिलेली चिकाटीची मुलंच शेवटी उरतील. दिवाळीच्या सुट्टीआधी ऐंशीच्या ऐंशी मुलांची एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घ्या, आणि तपासणाऱ्या शिक्षकाला कुठली उत्तरपत्रिका कुठल्या गटातली हे कळू देऊ नका. मग दोन्ही गटांच्या सरासरी गुणांतला फरक पाहा.